कंत्राटी पहाऱ्यावर जनतेचे दप्तर

सरकारी खात्यांतील संगणक अभियंत्यांना आणि माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांना सायबर सुरक्षेचे प्रशिक्षण देण्याचा धूमधडाका गेली काही वर्षे केंद्रात आणि राज्यात चालू आहे. कार्यशाळा भरतात, दीपप्रज्वलन होते, ‘माणूस हाच सर्वांत कच्चा दुवा’ असा उपदेश वक्ते करतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि छायाचित्रे वर्तमानपत्रांकडे रवाना होतात. या सोहळ्यात तीन साधे प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हे शिक्षण मिळते कोणाला? ते देतो कोण? आणि ते घेतलेला माणूस सहा महिन्यांनंतर त्याच खुर्चीवर असतो काय? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे शोधू गेल्यास असे दिसून येईल की, जनतेच्या दप्तराची राखण हा यंत्राच्या आधी नोकरीच्या शाश्वतीचा आणि सार्वजनिक मालकीचा प्रश्न आहे. आणि नेमकी हीच बाजू झाकण्यासाठी प्रशिक्षणाचा गाजावाजा राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडत आहे.

या प्रश्नाकडे पाहण्यास मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापेक्षा अकोले तालुक्यातील राजूर ही अधिक योग्य जागा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय राजूरला आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यावस्त्यांवरील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या आश्रमशाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि कल्याणकारी योजना यांचे कागद येथून हलतात. आता ते कागदही राहिलेले नाहीत. ती संगणकातील नोंद झाली आहे. २०१८ साली शासनाने आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून भोजनाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात थेट टाकण्याचे धोरण आणले. त्याविरुद्ध त्या वर्षीच्या जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला होता. वसतिगृहाच्या प्रवेशाचा आणि ‘स्वयम्’ योजनेचा अर्ज वर्षानुवर्षे ‘महाऑनलाइन’च्या संकेतस्थळावर भरावा लागला. म्हणजे डोंगरातून शिकायला आलेल्या मुलीचे दोन वेळचे जेवण आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि कोणा अनोळखी कर्मचाऱ्याच्या बोटाखालील एक कळ यांवर अवलंबून राहिले. तेव्हा सायबर सुरक्षा हा केवळ शहरी पांढरपेशांच्या बँकखात्यांचा विषय आहे, असे समजणाऱ्यांनी आपली समजूत दुरुस्त करून घ्यावी.

ज्याच्या हाती दप्तर

कागदाची सत्ता काय असते हे या जिल्ह्याला नव्याने शिकविण्याची गरज नाही. अकोले तालुक्यातील देवगावचा राघोजी भांगरे सावकारशाहीविरुद्ध आणि तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या कंपनी सरकारविरुद्ध लढला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्यात फासावर गेला. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्याचे लोण पाहता पाहता नगर जिल्ह्यात पसरले. त्या उठावात शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या घरातील कर्जखतांवर होता. ती खते हिसकावून चव्हाट्यावर जाळण्यात आली. जमीन आपण कसतो, पण ती कोणाची हे कागद ठरवितो आणि कागद सावकार लिहितो, हे त्या निरक्षर शेतकऱ्यांनी अचूक ओळखले होते. सरकारलाही १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जव्यवहारांसाठी स्वतंत्र कायदा करून दस्तऐवजांच्या नोंदणीची व्यवस्था करावी लागली. लिहिणारा आणि लाभणारा एकच असला की न्याय मिळत नाही, ही त्या कायद्यामागील कबुली होती.

दीडशे वर्षांनंतर दप्तराचा रुमाल गेला आणि सर्व्हर आला. परंतु दप्तर कोणाच्या हाती, हा प्रश्न जागच्या जागी आहे. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यातील हक्कांसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो आदिवासी शेतकरी रक्ताळलेल्या पायांनी चालत गेले. एप्रिल २०२३ मध्ये अकोल्याहून लोणीकडे किसान सभेचा मोर्चा निघाला, तेव्हाही जमिनीचा प्रश्न अग्रभागी होता. ज्या दाव्यांसाठी हे पाय झिजले ते दावे आज ‘वनमित्र’सारख्या संगणक-प्रणालीवर चढविले जातात. रस्त्यावर जिंकलेला हक्क संगणकात हरवू नये, याची हमी त्या मोर्चेकऱ्यांना कोणी दिली आहे?

संगणक-सुरक्षेच्या शास्त्राप्रमाणे तीन गोष्टी जपावयाच्या असतात: खासगी माहिती बाहेर जाऊ नये, नोंदीत कोणी परस्पर बदल करू नये, आणि गरज पडेल तेव्हा नोंद हाती लागावी. सरकारी प्रशिक्षणात सारा भर पहिल्या गोष्टीवर असतो. गरिबाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट सर्वांत घातक आहे. चोरी निदान कधीतरी उघडकीस येते; परस्पर झालेला बदल मात्र मूळ नोंद म्हणूनच मिरवीत राहतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जातीच्या पुराव्याचे आहे. अनुसूचित जमातीचा दावा सिद्ध करण्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना अनन्यसाधारण महत्त्व असते. शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुक, महसुली कागद ही त्या पुराव्याची मूळ ठिकाणे होत. बनावट दाखल्यांच्या आधारे आदिवासींच्या राखीव जागा बळकावल्या गेल्याची तक्रार राज्यात अनेक दशके चालू आहे. राजूरचेच असलेले आणि आदिवासी विकास मंत्री राहिलेले मधुकरराव पिचड, ज्यांचे डिसेंबर २०२४ मध्ये निधन झाले, यांच्याशी कोणाचे राजकीय मतभेद कितीही असोत, हा प्रश्न त्यांनी लावून धरला होता हे मान्य करावे लागेल. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाव्यावर मिळविलेल्या नोकरीला व प्रवेशाला संरक्षण नाही, असा निर्वाळा दिला. त्यानंतरही डिसेंबर २०१९ मध्ये शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर सामावून घेण्याची वाट काढली. आता कल्पना करावी की, जीर्ण रजिस्टराच्या जागी त्याची संगणकीय प्रत हाच पुरावा मानला जाऊ लागला आहे, आणि त्या प्रतीत एक शब्द घालण्याचा वा गाळण्याचा अधिकार एका सामायिक पासवर्डात आहे. जुन्या रजिस्टरातील खाडाखोड निदान शाईच्या रंगावरून ओळखता येत असे. संगणकातील खाडाखोड ओळखायची तर प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद राखावी लागते आणि ती नोंद वाचणारा जाणता माणूस जागेवर असावा लागतो. तो माणूस कोठे आहे?

शिकविणारे कोण, शिकणारे कोण

१९ जानेवारी २०१८ रोजी केंद्र सरकारने ‘सायबर सुरक्षित भारत’ हा उपक्रम सुरू केला. सरकारी खात्यांतील मुख्य माहिती-सुरक्षा अधिकारी आणि माहिती-तंत्रज्ञान विभागांतील अधिकारी यांना प्रशिक्षित करणे हा त्याचा हेतू होता. हेतूबद्दल तक्रार नाही. परंतु या उपक्रमाचे संस्थापक भागीदार कोण होते? मायक्रोसॉफ्ट, इंटेल, विप्रो, रेड हॅट आणि डायमेन्शन डेटा! सरकारच्या स्वतःच्या तज्ज्ञ संस्थांच्या जोडीला ज्ञान-भागीदार म्हणून डेलॉइट आणि ईवाय या सल्लागार कंपन्याही होत्या. म्हणजे सरकारला जो माल विकावयाचा तो विकणाऱ्यांनीच सरकारी अधिकाऱ्यांना धोके कोणते आणि उपाय कोणते हे शिकवावयाचे. कुलपाच्या व्यापाऱ्याला गावच्या पहाऱ्याचा गुरुजी नेमल्यावर तो कुलपांची संख्या वाढवील. पहारेकऱ्यांची संख्या वाढवा, असे तो कशाला सांगेल? कंपन्यांतील अभियंते अज्ञानी आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्यांचे ज्ञान निर्विवाद आहे, पण ज्या खरेदीचा निर्णय उद्या त्याच विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा आहे, तिच्यात त्यांचा हितसंबंध गुंतलेला आहे.

दुसरी बाब शिकणाऱ्यांची. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी राजधानीत निवासी वर्ग भरतात. खालच्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला येते ती संगणकावरील चित्रफीत आणि शेवटी चार पर्यायांतून एक निवडण्याची परीक्षा. सप्टेंबर २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर झाल्यापासून हा प्रकार अधिकच बोकाळला आहे. किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला याचा तक्ता वर जातो आणि काम झाले असे मानले जाते. ‘अनोळखी दुव्यावर टिचकी मारू नका’, ‘पासवर्ड कोणाला सांगू नका’ हे ठीकच आहे. परंतु ज्या कचेरीत कामाचा बोजा चौघांचा आणि माणूस एक, जेथे साहेब दौऱ्यावर असताना त्यांची डिजिटल स्वाक्षरीची चावी कोणाच्या तरी हाती ठेवल्याशिवाय दाखले निघत नाहीत, जेथे ‘आज रात्री बारापर्यंत सर्व नोंदी भरा’ असा आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तेथे पासवर्ड सांगू नका हा उपदेश म्हणजे भुकेल्याला पथ्य सांगण्यासारखे आहे. कामाची व्यवस्थाच नियम मोडावयास भाग पाडते आणि मोडल्यावर दोष मात्र माणसाचा!

आणि ज्याला खरे प्रशिक्षण म्हणावे ते वेगळेच असते. प्रणाली रचणाऱ्या अभियंत्याला शिकवावे लागते की, संकेतस्थळाच्या पत्त्यातील एक आकडा बदलताच शेजाऱ्याचा दाखला उघडत असेल तर तो रचनेचा अपराध आहे. प्रणाली चालविणाऱ्याला शिकवावे लागते की, प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, नोकरी सोडून गेलेल्याचे लॉगिन त्याच दिवशी बंद करावे, बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी आणि त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी करण्याची तालीम वर्षातून अनेकदा करावी. हरियाणा आणि तेलंगण या राज्यांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांचा गैरवापर झाल्याची प्रकरणे उघडकीस आली. येथे फसलेल्या नागरिकाने कोणत्याही दुव्यावर टिचकी मारली नव्हती. त्याचा अंगठा जगासमोर टांगणारी व्यवस्था सरकारी होती. शिकविण्याची गरज कोणाला होती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

घटनांची साक्ष

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि राज्यभरातील कार्यालयांचे काम अडले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर असेच कुलूपबंद झाले. देशातील सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकात पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन रुग्णांच्या नोंदी कराव्या लागल्या. संसदेत सरकारने दिलेले कारण काय होते? जाळ्याची विभागणी योग्य प्रकारे केलेली नव्हती! म्हणजे एका दालनात आग लागली तर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून जी भिंत घालावयाची ती घातलीच नव्हती. हे ज्ञान दुर्मिळ नाही. ते प्राथमिक पाठ्यपुस्तकातले आहे. कमतरता होती ती रोज उठून ती भिंत तपासणाऱ्या आणि ती नसल्यास वरिष्ठांना सुनावणाऱ्या जबाबदार मनुष्यबळाची.

याहून बोलकी घटना यवतमाळ जिल्ह्यातील आहे. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावावर २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. ग्रामपंचायतीच्या लॉगिनचा दुरुपयोग झाला होता. नेहमीप्रमाणे घुसखोरांच्या नावाने आरोळी उठली, विशेष तपास पथक नेमले गेले. तपास अवश्य व्हावा. पण एका खेड्यात दिवसाला शेकडो बालके जन्मास येत आहेत, हे पाहून ज्या प्रणालीला शंका आली नाही, ती प्रणाली कोणी रचली? तिच्यावर लक्ष ठेवणे हे कोणाचे नेमून दिलेले काम होते? हे प्रश्न विचारले की मोठ्यांची अडचण होते. म्हणून चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची जुनी रीत येथेही चालविली जाण्याचा धोका आहे.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेकडे सरकारी आस्थापनांतील सायबर घटनांची जी नोंद झाली ती २०१९ साली ८५,७९७ होती. २०२३ साली ती २,०४,८४४ झाली. प्रशिक्षणाचे वर्ग वाढले आणि घटनाही वाढल्या. नोंदविण्याची शिस्त वाढल्याने आकडा फुगला असेल, हेही मान्य करू. परंतु मग नागरिकाला त्या घटनांचा तपशील मिळतो काय? एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कोणतीही घटना सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळविणे बंधनकारक आहे. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण अधिसूचना काढून सरकारी यंत्रणांना सूट देण्याची पळवाटही त्यातच आहे. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराला लावलेली कात्री नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. राजूरच्या विद्यार्थ्याची माहिती फुटली तर सरकारला सहा तासांत कळेल. विद्यार्थ्याला मात्र ती आयुष्यात कधी कळेल याचा नेम नाही.

बारा हजारांतले सहा हजार

आता त्या ‘कच्च्या दुव्या’कडे वळू. २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पातून राज्यातील ग्रामपंचायतींत संगणक परिचालक बसविले गेले. ते काम ‘महाऑनलाइन’कडे होते. २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने तेच काम सीएससी या कंपनीकडे गेले. ग्रामपंचायतीच्या निधीतून दरमहा बारा हजारांवर रुपये कंपनीच्या नावे वळते होत आणि जन्ममृत्यूच्या नोंदीपासून करवसुलीपर्यंत गावाचे सारे दप्तर सांभाळणाऱ्या तरुणाच्या हाती सहा-सात हजार पडत. तेही अनेकदा महिनोन्महिने रखडून. आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर या परिचालकांनी मोर्चामागून मोर्चे काढले. २०२४ साली मानधन दहा हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. परंतु ते कर्मचारी नव्हेत, ‘परिचालक’ आहेत. त्यांना वेतन नाही, ‘मानधन’ आहे. सेवापुस्तक नाही, भविष्यनिर्वाह निधीची खात्री नाही. आणि तरीही गावाच्या जन्माचे आणि मरणाचे दाखले त्यांच्या हातून निघावयाचे!

हाच नमुना वरच्या पातळीवर अधिक उंची कपड्यांत दिसतो. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने नऊ एजन्स्यांमार्फत अतिकुशलपासून अकुशलपर्यंत मनुष्यबळ कंत्राटावर घेण्याचा निर्णय काढला. तरुणांचा असंतोष उसळल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. शासननिर्णय मागे गेला, पद्धत मात्र गेली नाही. प्रोग्रॅमर, डेटाबेस सांभाळणारे, जाळे पाहणारे यांपैकी कितीतरी जण कोणत्या ना कोणत्या एजन्सीचे असतात. निविदा संपली की एजन्सी बदलते आणि माणूसही बदलतो, किंवा माणूस तोच राहतो आणि त्याची मागील सेवा शून्य होते. अशा माणसाला दिलेले प्रशिक्षण कोठे साठते? तो शहाणा झाला तर दुप्पट पगारावर खासगी कंपनीत जातो. न झाला तर कंत्राटाच्या टांगत्या तलवारीखाली तोंड मिटून बसतो. ‘साहेब, ही चावी दुसऱ्याकडे देणे नियमबाह्य आहे’ असे म्हणण्याचे बळ पुढच्या महिन्याची शाश्वती नसलेल्या माणसात कोठून यावे? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार! नकार देण्याचे सामर्थ्य हा सुरक्षेचा पहिला घटक आहे आणि कंत्राटी पद्धत नेमके तेच सामर्थ्य काढून घेते.

विकलेली शक्ती

यावर हमखास उत्तर मिळते ते असे की, सरकारकडे तज्ज्ञता नाही, म्हणून कंपन्यांकडे जावे लागते. ही तज्ज्ञता नव्हती की घालविली, याचा इतिहास पाहावा. १९७५-७६ मध्ये सरकारी क्षेत्रात कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली. १९७८ साली भागभांडवलाचे भारतीय नियम मान्य न करता आयबीएम देशातून निघून गेली, तेव्हा देशभरातील तिच्या यंत्रांची देखभाल या सरकारी संस्थेच्या अभियंत्यांनी पेलून दाखविली. जॉर्ज फर्नांडिस त्या वेळी उद्योगमंत्री होते. परदेशी कंपनी गेल्याने देश बुडेल, असे भाकीत करणारे तेव्हाही होते. देश बुडाला नाही. पुढे २००१ साली केंद्र सरकारने आपला ५१ टक्के हिस्सा टाटा समूहाला विकला आणि २०१५ साली ती संस्था टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. ज्या कंपनीच्या पोटात ही सार्वजनिक संस्था गेली, त्याच कंपनीबरोबर भागीदारी करून महाराष्ट्र शासनाने ‘महाऑनलाइन’ उभी केली! आपलीच विहीर विकावयाची आणि मग त्याच विहिरीचे पाणी टँकरने विकत घ्यावयाचे, असा हा कारभार आहे.

जे उरले ते अजूनही थोडे नाही. १९७६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, आजही प्रत्येक जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रातील ई-फेरफार प्रणाली त्याच्याच पुण्यातील अभियंत्यांनी घडविली; १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शेतकऱ्याच्या हाती पडू लागला. पुण्यातील सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा करून दाखविला आणि माहिती-सुरक्षेच्या शिक्षणाचा राष्ट्रीय प्रकल्पही तीच संस्था पाहते. म्हणजे गुरू घरातच आहेत. पण एनआयसीचीही बरीच कामे आता एजन्स्यांनी पुरविलेल्या माणसांवर चालतात. कुंपण विरळ करीत जावयाचे आणि जनावरे शिरली की कुंपणाला दोष द्यावयाचा, हे धोरण कोणाच्या फायद्याचे आहे, हे सांगावयास ज्योतिषी नको.

दुसरा आक्षेप असा की, डावे आणि समाजवादी मुळातच संगणकाचे वैरी. १९६० च्या दशकापासून त्यांनी यंत्राला विरोध केला. त्या विरोधात काही ठिकाणी भवितव्याचा अंदाज चुकला असेल. परंतु विमा आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तेव्हा जो मूळ प्रश्न उभा केला तो यंत्राच्या मालकीचा आणि त्यामुळे कोणाचे काम जाणार याचा होता. आणि १९८३ साली बँक संघटनांनी संगणकीकरणाच्या मर्यादा व अटी ठरविणारा करारही केला होता. तो प्रश्न आज दुप्पट जोराने परत आला आहे. कायम कर्मचारीही भ्रष्ट असतात, हा तिसरा आक्षेपही खरा आहे; तलाठ्याच्या सज्जातील ‘चहापाणी’ शेतकरी विसरलेला नाही. मात्र कायम कर्मचाऱ्याला निलंबित करता येते, त्याची चौकशी होते, त्याच्या सहीला वीस वर्षांनंतरही नाव असते. एजन्सीच्या माणसाच्या बाबतीत खाते एजन्सीकडे, एजन्सी उपकंत्राटदाराकडे आणि उपकंत्राटदार गावी निघून गेलेल्या पोराकडे बोट दाखवितो.

पाणी खाली, कोरड वर

राजूरच्या वरच्या अंगाला भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर प्रवरेच्या खालच्या पट्ट्यात ऊस फुलला, कारखाने उभे राहिले. धरणाच्या कुशीतील आदिवासी पाड्यांच्या नशिबी उन्हाळ्यात हंड्यांची रांगच राहिली. माहितीच्या बाबतीत त्याच इतिहासाची पुनरावृत्ती होऊ घातली आहे. डोंगरातील माणसाचे नाव, अंगठा, जात, जमीन, खाते सारे काही खाली वाहत जाते. २०२३ साली राज्याने ८३७ कोटी रुपयांचा सायबर सुरक्षा प्रकल्प मंजूर केला आणि त्याचे अद्ययावत केंद्र नवी मुंबईत महापे येथे उभे राहिले. गुन्ह्याचा छडा लावण्यासाठी असे केंद्र हवेच. पण त्याचे काम मुख्यतः चोरी झाल्यानंतर सुरू होते. चोरी होऊ नये म्हणून जेथे दाराशी माणूस हवा, त्या प्रकल्प कार्यालयांच्या, तहसिलींच्या आणि ग्रामपंचायतींच्या वाट्याला भिंतीवर डकविण्याची पत्रके येतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, म्हणतात ते हेच!

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. राज्यात माहिती-तंत्रज्ञान व माहिती-सुरक्षा यांचा स्वतंत्र, कायमस्वरूपी सेवा-संवर्ग निर्माण करून त्याची भरती लोकसेवा आयोगामार्फत व्हावी आणि आज वर्षानुवर्षे राबणाऱ्या संगणक परिचालकांना व कंत्राटी अभियंत्यांना अनुभवाचे गुण देऊन त्यात सामावून घ्यावे. एनआयसी व सी-डॅक या सार्वजनिक संस्थांनी हे प्रशिक्षण मराठीतून, कामाच्या वेळेत, पूर्ण वेतनावर आणि राजूर, जव्हार, धारणी, भामरागड येथे जाऊन द्यावे. ज्यांना सरकारला माल विकावयाचा आहे त्यांना या वर्गांच्या व्यासपीठावर स्थान नसावे. एका माणसाला एक लॉगिन हा नियम पाळता येईल इतकी माणसे प्रत्येक कचेरीला द्यावीत. आदिवासींच्या जातीच्या, जमिनीच्या आणि वनहक्काच्या नोंदींत झालेला प्रत्येक बदल संबंधित कुटुंबाला लेखी कळविला जावा आणि ग्रामसभेपुढे वर्षातून एकदा वाचून दाखविला जावा. मूळ रजिस्टरे स्कॅनिंगनंतरही जतन करावीत. प्रणालीतील दोष दाखविणाऱ्या कर्मचाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळावे, आणि माहिती फुटल्यास ज्याची फुटली त्याला ती कळण्याचा हक्क सरकारी कचेऱ्यांनाही बंधनकारक असावा.

यांपैकी एकही मागणी खर्चाच्या नावाखाली फेटाळण्याजोगी नाही. एजन्स्यांचे कमिशन, सल्लागारांची बिले आणि न वापरलेल्या परवान्यांची किंमत यांचा हिशेब सरकारने एकदा विधानमंडळापुढे मांडावा. कायम माणसे ठेवणे परवडते की नाही, ते मग ठरवू. तोवर कामगार संघटना, किसान सभा, विद्यार्थी संघटना आणि आदिवासी हक्कांच्या चळवळी यांनी हा विषय तंत्रज्ञांवर सोपवून स्वस्थ बसणे आत्मघाताचे ठरेल. सातबारा, जातीचा दाखला आणि वनहक्काचा दावा यांसाठी ज्यांनी लढा दिला, त्यांनीच आता त्या नोंदींवरील पहारेकऱ्याच्या पगारासाठी, शिक्षणासाठी आणि शाश्वतीसाठी लढावयाचे आहे. परिचालकांचा पुढचा मोर्चा निघेल तेव्हा अकोल्याच्या डोंगरातील शेतकरी त्यात सामील झाला पाहिजे, कारण त्या मोर्चात त्याच्याच जमिनीचा कागद चालत असेल.